सासऱ्यांचा परदेशी नाणी-नोटांचा संग्रह विकायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

गोधडी (धागाकर्ती)

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

माझे सासरे व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत त्यांनी जग पालथं घातलं. जहाज ज्या बंदराला लागेल तिथली खिशात उरलेली चिल्लर ते एका छोट्या कापडी पिशवीत घालायचे आणि पिशवीवर शाईच्या पेनाने बंदराचं नाव आणि वर्ष लिहायचे. एडन, मोम्बासा, कोबे, रॉटरडॅम, हँबुर्ग, हाँगकाँग, बहरीन, लिव्हरपूल... अशा पिशव्यांनी एक अख्खी पेटी भरली आहे. नोटा वेगळ्या ठेवल्यात. काही पाकिटांत आहेत आणि काही जुन्या पद्धतीच्या, चिकट पानांच्या फोटो अल्बममध्ये.

ते गेले. घरात कोणालाच या गोष्टीचा नाद नाही. नवरा आणि नणंद दोघंही म्हणतात, विकून टाकू आणि पैसे निम्मे-निम्मे करू. एक डीलर घरी येऊन गेला. पिशव्या भराभर उलट्यापालट्या करून त्याने सगळ्याचा मिळून एक आकडा सांगितला. वर म्हणे, "आज दिलंत तर हा भाव, उद्याचं सांगता येत नाही." ते ऐकून मी पेटी बंद केली.

आकडा कमी होता की जास्त, हे मला ठरवताच येत नाही आणि खरी अडचण तीच आहे. कुठलं नाणं वेगळं काढायचं, कुठलं किलोवर गेलं तरी चालेल, नोटांचं काय करायचं, आणि विकायचं ते कोणाला?

उंटावरचा_शहाणा

फोटो टाका फोटो! फोटोशिवाय धागा फाऊल धरण्यात येईल.

(पेटी बंद केलीत हे उत्तम. "आजच द्या" म्हणणाऱ्याला उद्याच भेटावं.)

वजनकाटा

गोधडीताई, सगळ्याचा मिळून एक आकडा कधीच घेऊ नका. अशा पेटीत एकमेकांशी संबंध नसलेला चार प्रकारचा माल असतो: धातू म्हणून किंमत असलेला, त्या-त्या देशाची बँक अजून बदलून देते तो, संग्राहक शोधत असतात तो, आणि उरलेला किलोचा. चौथा ढीग सगळ्यात मोठा निघणार, त्याची मनाची तयारी ठेवा. एकगठ्ठा भाव सांगणारा माणूस पहिले तीन ढीग चौथ्याच्या भावात नेतो.

मी धातूचं सांगतो, बाकीचं इतर सांगतील.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच देशांची रोजच्या वापरातली नाणी चांदीची होती. नंतर चांदी महागली आणि एकेका देशाने ती काढून तांबं-निकेल आणलं. म्हणून पहिल्यांदा वर्ष बघायचं. अमेरिकेचे डाइम, क्वार्टर आणि हाफ डॉलर १९६४ पर्यंत ९० टक्के चांदीचे. केनेडीचा हाफ डॉलर त्यानंतरही १९७० पर्यंत ४० टक्क्यांचा. ब्रिटनची शिलिंग, फ्लोरिन, हाफ क्राउन ही नाणी १९१९ पर्यंत ९२.५ टक्के, १९२० ते १९४६ दरम्यान ५० टक्के आणि १९४७ पासून चांदी शून्य. म्हणजे लिव्हरपूलच्या पिशवीत १९४६ चं आणि १९४७ चं हाफ क्राउन शेजारी-शेजारी पडलेलं असेल, दिसायला सारखं, आणि एकात निम्मी चांदी, दुसऱ्यात काहीच नाही.

तुमच्या बाकीच्या बंदरांचं बोलायचं तर कोबेच्या पिशवीत १९५७ ते १९६६ ची १०० येनची नाणी शोधा, ६० टक्के चांदी, वजन ४.८ ग्रॅम. रॉटरडॅममध्ये १९५४ ते १९६७ चे गिल्डर, ७२ टक्के, साडेसहा ग्रॅम. हँबुर्गमध्ये १९५१ ते १९७४ ची ५ मार्कची नाणी, ६२.५ टक्के, ११.२ ग्रॅम, म्हणजे बरोबर ७ ग्रॅम शुद्ध चांदी. स्वित्झर्लंडचे अर्धा, एक आणि दोन फ्रँक १९६७ पर्यंत ८३.५ टक्के. फ्रान्सचे ५ फ्रँक १९६० ते १९६९, तेही ८३.५ टक्के, १२ ग्रॅम. ऑस्ट्रेलियाचं १९६६ चं गोल ५० सेंट ८० टक्के. पुढच्या वर्षांचं बारा कोनांचं आलं त्यात चांदी नाही.

अमेरिकी नाणं कडेवर धरून बघा. चांदीचं असेल तर कड एकरंगी पांढरी दिसते, १९६५ नंतरचं असेल तर मधोमध तांब्याची तांबूस रेघ. वर्ष झिजलेलं असलं तरी ही रेघ खोटं बोलत नाही.

लोहचुंबकही जवळ ठेवा. चिकटलं तर चांदी नाही. पण न चिकटणारं सगळं चांदी, असं मात्र नाही.

तिरकस

वजनकाटा यांनी आशा दाखवली, आता मी थोडं पाणी ओततो.

जुनं म्हणजे दुर्मीळ हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. लेनिनच्या जन्मशताब्दीचा १९७० चा रूबल प्रत्येक पेटीत असतो आणि प्रत्येकाला तो खजिना वाटतो. सोव्हिएत टाकसाळीने तो १० कोटी पाडला. चर्चिलचं १९६५ चं क्राउन हे ब्रिटिश नाणं सुमारे १ कोटी ९६ लाख पाडलं आणि जवळपास प्रत्येकाने जपूनच ठेवलं, त्यामुळे आजही ढिगाने मिळतं. १९७७ च्या राणीच्या सिल्व्हर ज्युबिलीचं क्राउन त्याहून गमतीचं. नावात सिल्व्हर, पण चलनात आलेलं नाणं तांबं-निकेलचं. चांदीचं वेगळं, डबीतलं काढलं होतं, ते जहाजावरच्या माणसाच्या खिशात चिल्लर म्हणून येत नाही.

दुसरं म्हणजे, इंटरनेटवर कोणी एखाद्या नाण्याची किंमत अवाच्या सवा लावली आहे याला काडीचा अर्थ नाही. लावलेली किंमत बघू नका, झालेली विक्री बघा. लिलावाच्या बऱ्याच साइटवर 'विकले गेले' असं गाळून बघता येतं. आणि "तुमचं नाणं लाखोंना घेतो, आधी नोंदणी फी भरा" असं कोणी म्हटलं की फोन ठेवायचा. खरा घेणारा विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागत नाही.

गोधडी

तिरकस, चर्चिल आहे हो! तोही एक नाही, चांगले तीन. आणि लेनिनही आहे. :)

वजनकाटा, रविवारी चटई टाकून बसलो होतो. वर्षं बघत गेलो तर अंदाज येतोय. पिशव्यांतलं सामान मिसळू दिलेलं नाही.

एक शंका. काही नाणी पिशव्यांऐवजी मऊ प्लास्टिकच्या कप्प्यांत आहेत. त्यांच्यावर हिरवट, हाताला चिकट लागणारा थर आलाय. नणंद म्हणते टूथपेस्टने लख्ख निघेल, विकताना छान दिसेल. करू का?

भिंगवाला

नको! नको! नको!

घासलेलं नाणं संग्राहकाला शंभर पावलांवरून कळतं. नाण्याच्या पृष्ठभागावर पाडताना उमटलेली बारीक चमक असते. भिंगाखाली नाणं हळूच फिरवलं की प्रकाशाचा पट्टा त्यावरून चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. टूथपेस्ट, सोडा, लिंबू, धातू चमकवायच्या पावडरी, यातलं काहीही लावलं की तो पट्टा कायमचा जातो आणि त्या जागी एकाच दिशेचे बारीक ओरखडे राहतात. काळवंडलेली चांदी तशीच चांगली, तिला गिऱ्हाईक असतं. घासून पांढरी केलेली चांदी धातूच्या भावाने जाते.

तुम्ही सांगताय तो हिरवा चिकट थर वेगळा. मऊ प्लास्टिकमध्ये पीव्हीसी असतं, ते वर्षानुवर्षांत सुटतं आणि धातू खायला लागतं. तो काढावाच लागतो, पण न घासता. शुद्ध ॲसिटोन घ्या. सुगंधी नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही. काचेच्या वाटीत नाणं बुडवून ठेवा, मग दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमधून काढा आणि आपोआप वाळू द्या. पुसू नका. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास कुठलीही ज्योत नको, ॲसिटोन भडकतं. प्लास्टिकच्या भांड्यात करू नका, वितळेल.

राहिलेली सगळी नाणी त्या कप्प्यांतून आजच बाहेर काढा. कागदी पाकिटं चालतील. हाताळताना कडेने धरा.

निवृत्त_खजिनदार

ज्या भागाकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात तो मी मांडतो. चलनातून गेलेली नोट म्हणजे रद्दी, असं सरसकट नसतं. काही मध्यवर्ती बँका आपलं जुनं चलन कायम बदलून देतात.

जर्मनीची बुंडेसबँक मार्कच्या नोटा आणि नाणी दोन्ही मुदतीशिवाय बदलून देते. दर ठरलेला आहे, १ युरोला १.९५५८३ मार्क. म्हणजे १०० मार्कचे ५१.१३ युरो. हे पश्चिम जर्मनीच्या मार्कबद्दल आणि त्यानंतरच्या एकत्र जर्मनीच्या मार्कबद्दल. पूर्व जर्मनीचे आणि महायुद्धाआधीचे मार्क यात बसत नाहीत. ऑस्ट्रियाचे शिलिंग आणि आयर्लंडचे पौंडही बेमुदत. बेल्जियम फक्त नोटा घेतं. नेदरलँड्सच्या गिल्डरच्या नोटांना १ जानेवारी २०३२ पर्यंत मुदत आहे, गिल्डरची नाणी मात्र २००७ पासूनच बंद. इटलीच्या लिराचा खिडकीवरचा व्यवहार डिसेंबर २०११ मध्ये संपला. फ्रान्सच्या फ्रँकच्या नोटांचा १७ फेब्रुवारी २०१२ ला, त्याच वर्षी मार्चमध्ये ग्रीसच्या द्राख्माचा, आणि स्पेनच्या पेसेटाचा ३० जून २०२१ ला. त्या आता फक्त संग्राहकांच्या.

बँक ऑफ इंग्लंड स्वतःच्या सगळ्या जुन्या नोटा कायम बदलून देते. न्यूटनचं चित्र असलेली एक पौंडाची नोट १९८८ मध्ये चलनातून गेली, तिचा तिथे आजही एक पौंड मिळतो. आता एका पौंडासाठी कोण पोस्टाचा खर्च करील हा प्रश्न आहेच. पण पाच-दहा-वीसच्या नोटांची गड्डी निघाली तर हिशेब बदलतो. अमेरिकेने १८६१ पासून काढलेल्या नोटा अजून दर्शनी किमतीला वैध आहेत. स्वित्झर्लंडच्या १९७६ पासूनच्या मालिका मुदतीशिवाय बदलतात, त्याआधीच्या नाही.

मात्र एक खाच आहे, आणि ती ताईंच्या हँबुर्गच्या पिशवीला लागू पडते. वजनकाटा यांनी सांगितलेलं ५ मार्कचं चांदीचं नाणं बुंडेसबँकेला दिलं तर २.५६ युरो मिळतील. त्यात ७ ग्रॅम चांदी आहे. म्हणजे चांदीचा भाव ग्रॅमला साधारण ३७ सेंटांच्या वर असेल तर बँकेत देणं म्हणजे तोटा. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकचं १० मार्कचं नाणं १५.५ ग्रॅमचं, त्यात जवळपास ९.७ ग्रॅम चांदी, तिथे ही रेषा ५३ सेंटांवर येते. ज्या दिवशी विकाल त्या दिवशीचा भाव बघून ठरवा. १९७५ नंतरची बिनचांदीची ५ मार्कची नाणी मात्र खुशाल बँकेला द्या.

पोस्टाने पाठवायचं तर प्रत्येक बँकेचा फॉर्म, ओळखपत्र आणि खात्याचा तपशील लागतो, आणि वाटेतली जोखीम पाठवणाऱ्याची. त्यापेक्षा ओळखीचं कोणी त्या देशात जाणार असेल तर त्यांच्याबरोबर देणं सोपं. फक्त मोठी रक्कम असेल तर विमानतळावर चलन जाहीर करण्याचे नियम आधी वाचा.

उंटावरचा_शहाणा

हा प्रतिसाद वाचून माझ्या कपाटातल्या लिराच्या नोटांकडे बघून एक सुस्कारा सोडला. दहा हजारांची नोट होती हो. त्या दिवशी श्रीमंत वाटलं होतं.

वाचनखूण (वाखु) साठवली आहे.

कोरीनोट

नोटांकडे वळतो, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

आधी चिकट पानांचं. नोट ओढून काढू नका. कागदाचा वरचा पापुद्रा पानावर राहतो आणि नोट संपते. पानाचा तेवढा भाग नोटेसकट कात्रीने कापा आणि बाजूला ठेवा. ती नोट मोलाची निघाली तर कागद-संवर्धनाचं काम करणारा ती सोडवून देईल, सामान्य निघाली तर तशीच द्या. सेलोटेप लावला असेल तर तोही तसाच राहू द्या. आणि घड्या मोडाव्यात म्हणून इस्त्री फिरवायचा विचार कोणाच्या मनात आला असेल तर त्याच्या हातातून इस्त्री काढून घ्या. दाबून सपाट केलेल्या नोटेचा कागद मेलेला दिसतो, छपाईची उठावदार शाई बोटाला लागत नाही.

नोटेची किंमत ठरते ती घडीवर. नोट डोळ्यांच्या पातळीला आडवी धरून उजेडाकडे बघा. एकही घडी नाही, कोपरे टोकदार, तर ती कोरी करकरीत, म्हणजे यूएनसी. मधोमध एकच हलकी घडी दिसली की ती एयू. तीन-चार घड्या पण कागद अजून ताठ, तर एक्सएफ. वापरून मऊ पडलेली व्हीएफ आणि त्याखाली. एकाच नोटेच्या कोऱ्या आणि वापरलेल्या प्रतीच्या भावात दहापट फरक पडलेला मी बघितला आहे. टाचणीची भोकं, स्टेपलचा गंज, पेनाने लिहिलेले आकडे, हे सगळं भिंगाखाली बघून लिहून ठेवा. गिऱ्हाईकाला ते दिसणारच आहे, त्याआधी तुम्ही सांगितलेलं बरं.

आता कुठल्या नोटांनी हुरळून जाऊ नये ते. जर्मनीच्या १९२२-२३ च्या महागाईतल्या लाखो-कोटी मार्कच्या नोटा. हजार मार्कच्या नोटेवर लाल शाईत आडवा 'आइने मिलिआर्डे' असा छापा मारलेली तर प्रत्येक जुन्या पेटीत सापडते. युगोस्लाव्हियाची १९९३ ची ५०० अब्ज दिनारची. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने व्यापलेल्या मुलखांसाठी छापलेल्या नोटा. त्यांचा मुलूख क्रमांकाच्या पहिल्या अक्षरावरून कळतो, बी म्हणजे ब्रह्मदेश, एम म्हणजे मलाया, पी म्हणजे फिलिपिन्स, एस म्हणजे डच इंडीज, ओ म्हणजे ओशनिया. त्या अफाट छापल्या, काही थोडे प्रकार सोडले तर स्वस्त. अमेरिकेच्या निळ्या शिक्क्याच्या, १९५७ मालिकेच्या एक डॉलरच्या नोटाही तशाच, दर्शनी किमतीच्या जरा वर.

आणि शोधाव्यात त्या नोटा कोणत्या? छोट्या वसाहतींच्या, थोडे दिवस टिकलेल्या चलनांच्या. तुमच्या सासऱ्यांच्या बंदरांत दोन जागा अशा आहेत की मला आत्ताच उत्सुकता लागली आहे. एडन, तिथे १९६५ मध्ये साउथ अरेबियाची दिनारची छोटी मालिका निघाली आणि काही वर्षांतच ते राज्य संपलं. आणि बहरीन. बहरीनच्या पाकिटात भारतीय दिसणाऱ्या, पण रंग चुकल्यासारख्या नोटा आहेत का? क्रमांकाच्या आधी इंग्रजी झेड आहे का, बघून सांगा. घाई नाही, पण सांगाच.

गोधडी

कोरीनोट, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच उठले. बहरीनच्या पाकिटात तीन नोटा आहेत. एक दहा रुपयांची, लाल. दोन एक-एक रुपयाच्या, त्याही लाल. तिन्हींवर झेड आहे. अशोकस्तंभ वगैरे सगळं आपल्यासारखंच. सासऱ्यांनी पाकिटावर लिहिलंय, "इथेच चालतात, घरी नाही."

या काय आहेत? खोट्या का?

कोरीनोट

खोट्या नसाव्यात, आणि सासऱ्यांनी अगदी नेमकं लिहिलं आहे.

आखातातल्या संस्थानांत तेव्हा भारतीय रुपयाच चालायचा. तिथून सोनं चोरून आणलं जायचं आणि त्याच्या बदल्यात रुपये तिकडे जायचे. ते रुपये अधिकृत मार्गाने परत येऊन परकीय चलन मागायचे. ही गळती थांबवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये फक्त आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या: एक, पाच, दहा आणि शंभर रुपये. रंग वेगळे, क्रमांकाआधी झेड, आणि भारतात अवैध. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, बहरीनने १९६५ मध्ये. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि कतार-दुबईनेही रुपया सोडला. नोटा परत घेऊन बाद केल्या, म्हणून आता थोड्याच उरल्या आहेत. जगभरचे संग्राहक त्या घेतात. आखाताचे, भारताचे आणि ब्रिटिश साम्राज्याचे असे तिघे जण एकाच नोटेमागे असतात, हे तिचं बळ.

या तीन नोटा आत्ताच वेगळ्या ठेवा, पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात. डीलरला दाखवताना हातात देऊ नका, टेबलावर ठेवून दाखवा. एखाद्या मान्य ग्रेडिंग संस्थेकडून (खरेपणा आणि अवस्था तपासून दर्जा देणारी संस्था) पारखून घेणं परवडेल अशा फक्त याच. ग्रेडिंगची फी आणि जाण्यायेण्याचा खर्च नोटेच्या किमतीच्या अगदी लहान हिश्श्यात बसला तरच ते करायचं, नाहीतर चर्चिलला स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंगच्या सीलबंद प्लास्टिक डबीत, घालून बसाल.

तिरकस

बरं, माझं पाणी थोडं परत घेतो. डीलरने बहरीनचं पाकीट उघडलं होतं का हो?

गोधडी

उघडलं होतं. काही न बोलता परत ठेवलं.

हाँगकाँगच्या पिशवीतलं एक मोठं नाणंही दाखवते. चांदीसारखं दिसतंय. भाला धरून उभी बाई, मागे जहाज, खाली 'वन डॉलर' आणि वर्ष १९०२. दुसऱ्या बाजूला चिनी अक्षर. एडनच्या पिशवीत एक जाड बाईचं नाणं आहे, वर्ष १७८०! हे तर अडीचशे वर्षांचं झालं ना?

भिंगवाला

१७८० वरून आधी, म्हणजे उगाच झोप उडायला नको. तो मारिया थेरेसा थेलर. ऑस्ट्रियाची ही सम्राज्ञी १७८० मध्ये वारली, पण अरबस्तान आणि इथिओपियात व्यापाऱ्यांचा याच नाण्यावर विश्वास बसला होता, त्यामुळे तेच वर्ष ठेवून ते पुढे पाडत राहिले. व्हिएन्ना, रोम, पॅरिस, लंडन, ब्रुसेल्स. दुसऱ्या महायुद्धात तर मुंबईच्या टाकसाळीतही पाडलं गेलं. जवळपास २८.०७ ग्रॅम, ८३.३ टक्के चांदी. एडनमधून आलेलं म्हणजे बहुधा उशिरा पाडलेलं. चांदीची किंमत नक्की, त्यावर थोडं काही मिळालं तर टाकसाळीच्या बारीक खुणांवरून.

हाँगकाँगचं नाणं म्हणजे ब्रिटिश ट्रेड डॉलर, पूर्वेच्या व्यापारासाठी १८९५ पासून पाडलेला. ती उभी बाई म्हणजे ब्रिटानिया, तिच्या हातात भाला नाही, त्रिशूळ आहे. त्याच्या मधल्या दात्यावर भिंगाने बघा. बारीक बी दिसला तर मुंबई टाकसाळ. काही कलकत्त्याचे, त्यांच्यावर सी. १९०२ हे साधं वर्ष आहे, पण खरं असेल तर चांगलंच नाणं. खोट्या ट्रेड डॉलरांचा मात्र सुळसुळाट आहे. वजन २६.९५ ग्रॅमच्या आसपास आणि व्यास ३९ मिमी यायला हवा.

वजनकाटा

आणि वजन जुळलं तरी पाण्याची परीक्षा घ्या. भोक पाडायला नको, ॲसिड नको, नाण्याला काही होत नाही.

ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा छोटा काटा. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असं लटकत धरा. काटा जो आकडा दाखवेल तेवढ्या वजनाचं पाणी नाण्याने बाजूला सारलं. नाण्याचं कोरडं वजन त्या आकड्याने भागा. ९० टक्के चांदीला उत्तर १०.३ च्या जवळ येतं, तांबं-निकेलला ८.९. ट्रेड डॉलर खरा असेल तर काटा २.६२ च्या आसपास थांबेल, तांबं-निकेलचा असेल तर ३.०३ च्या. नाण्याला चिकटलेले बुडबुडे काढायला विसरू नका, ते उत्तर बिघडवतात.

चांदीच्या खोट्या नाण्यांना ही परीक्षा पकडत नाही. म्हणजे खऱ्या चांदीत ओतलेली नक्कल. तिला भिंगच लागेल.

गोधडी

२.६३ आलं!!! आणि त्रिशुळावर बी आहे.

पारिजातक

अभिनंदन! बराच वेळ नुसती वाचत होते. माझ्या मामांचा संग्रह आम्ही लिलावातून विकला, म्हणून विक्रीबद्दल मी लिहिते.

डीलर रोख देतो आणि त्याच दिवशी प्रश्न मिटतो, पण त्याला पुढे विकायचं असतं, भाडं भरायचं असतं, तो कॅटलॉगचा भाव देणार नाही. त्यात गैर काहीच नाही. छापील कॅटलॉगमधला भाव हा दुकानातून घेतानाचा असतो, दुकानाला विकतानाचा नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना आधी समजवा. आमच्याकडे या एका गोष्टीवरून भावंडांत महिनाभर अबोला होता.

लिलावगृह विकणाऱ्याकडून कमिशन घेतं आणि घेणाऱ्याकडून वेगळा प्रीमियमही. घेणारा बोली लावताना तो प्रीमियम मनात धरूनच लावतो, त्यामुळे तो खर्चही शेवटी तुमच्याच खिशातून जातो. पैसे हातात यायला आठवडे, कधी महिने लागतात. तिथे फक्त निवडक द्या: आखाती नोटा, ट्रेड डॉलर, एडनचं काही निघालं तर ते. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती, फार वर ठेवलीत तर वस्तू न विकता परत येते आणि 'मागच्या वेळी गेली नव्हती' हा शिक्का तिच्यावर बसतो.

चांदीची सामान्य नाणी धातूच्या भावाने. दोन-तीन ठिकाणी त्याच दिवशी भाव विचारायचा, शुद्ध चांदीचे एकूण ग्रॅम आपण काढून न्यायचे. आपल्याकडे ग्रॅमचा आकडा तयार आहे हे दिसलं की समोरच्याच्या बोलण्याचा सूर बदलतो.

उरलेली चिल्लर किलोवर किंवा संग्राहकांच्या मंडळात. तिथे नवशिकी मुलं असतात, त्यांना देशागणिक एकेक नाणं हवं असतं. खरं सांगायचं तर त्या ढिगाची किंमत तो विकण्याच्या श्रमाइतकी नसते. आम्ही शेवटी तो शाळेतल्या मुलांना वाटला.

प्रत्येक चांगल्या वस्तूची दोन्ही बाजूंची चित्रं, वजन आणि कॅटलॉग क्रमांक अशी यादी करा. नाण्यांना केएम क्रमांक, नोटांना पिक क्रमांक. नुमिस्टा या साइटवर बहुतेक सगळं सापडतं.

तिरकस

पारिजातक यांच्याशी सहमत, एक सोडून. पिशव्या फोडून सगळं वेगळं करायचं याला माझा विरोध आहे. बंदराचं नाव आणि वर्ष लिहिलेल्या पिशव्यांसह पेटी गेली तर जहाजी जीवनात रस असणारा कोणीतरी तिला घेईल.

कोरीनोट

भावना समजते, पण बाजार तसा चालत नाही. कुठून आलं याच्या नोंदीने मोठ्या वस्तूचा भाव वाढतो. कारण आखाती नोट खरीच त्या काळात बहरीनमधून आली आहे, याला ते पाकीट साक्षीदार आहे. ते पाकीट नोटेबरोबरच जायला हवं. लिव्हरपूलच्या चिल्लर पेनींना पिशवीमुळे एक पैसाही जास्त मिळणार नाही. पिशव्या घरी ठेवा, आत काय होतं त्याची यादी करून.

गोधडी

नणंदेला हे पटलंय, पिशव्या तिला हव्यात.

एका लिलावगृहाशी बोलणं झालं. ते वस्तू कुरिअरने मागवतात आणि सही करायला करारपत्र पाठवलंय. त्यात काय बघू?

निवृत्त_खजिनदार

नाणी-नोटा साध्या टपालात घालू नका. आंतरराष्ट्रीय टपालाचे नियमच ते विम्याशिवाय चालू देत नाहीत, आणि बऱ्याच कुरिअर कंपन्याही चलन नाकारतात किंवा विमा देत नाहीत. लिलावगृहाचा स्वतःचा विमा वाहतुकीला लागू आहे का, ते लेखी विचारा. शक्य असेल तर स्वतः नेऊन द्या आणि एकेका वस्तूची पावती घ्या, चित्रासह. 'नाणी, एक पेटी' अशी पावती घेऊ नका.

शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी देशाबाहेर पाठवायची असतील तर बऱ्याच देशांत पुरावस्तूंचा कायदा आडवा येतो. तुमचा १९०२ चा डॉलर त्यात बसू शकतो, आधी चौकशी करा.

पारिजातक

करारपत्रात कमिशनचा टक्का, चित्रं आणि विम्याचं वेगळं शुल्क, राखीव किंमत कोण ठरवतं, आणि घेणाऱ्याने पैसे बुडवले तर काय, हे बघा. पैसे किती दिवसांत देणार हेही तारखेसह हवं.

गोधडी

आणि वस्तू विकलीच गेली नाही तर? परत पाठवायचा खर्च ते माझ्यावर टाकतायत असं दिसतंय.

पारिजातक

आमच्याही करारात ते होतं. सांगितल्यावर त्यांनी खोडलं आणि बाजूला सही केली. तुम्हीही सांगा. आखाती नोटा हातात असताना ते नाही म्हणणार नाहीत.